ऊब द्या, चटका नको

मार्गशीर्ष लागला की आमच्या निफाड तालुक्यात पहाटे द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला याची बातमी होते. एखाद्या साली तो पाच अंशांच्याही खाली जातो. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून लोक रात्र जागतात, धूर करतात, ठिबक चालू ठेवतात. द्राक्षासाठी एवढं करणाऱ्यांना मला घरातल्या एका माणसाबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत. झाडावरून, स्लॅबवरून नाहीतर मोटारसायकलवरून पडून ज्याच्या मणक्याला मार बसला आणि जो आता व्हीलचेअरवर किंवा पलंगावर आहे, अशा माणसाबद्दल. मीही त्यातलाच. विहिरीच्या कठड्यावरून पडलो त्याला बारा वर्षं झाली.

दवाखान्यातून घरी आल्यावरच्या पहिल्याच थंडीत आईनं माझ्या पायाला हात लावला आणि दचकली. पाय बर्फासारखे गार. मला काही कळत नव्हतं, कारण बेंबीच्या खाली मला काहीच कळत नाही. तिनं गरम पाण्याची रबरी पिशवी भरली, टॉवेलात गुंडाळली, टाचांखाली ठेवली आणि वरून गोधडी घातली. आईनं करायचं तेच केलं. सकाळी पांघरूण काढलं तर उजव्या टाचेवर लिंबाएवढा फोड. मार्गशीर्षात भाजलं, जखम भरली आषाढात. सात महिने ड्रेसिंग, त्यातले दोन पालथं पडून. आई आजही त्या पिशवीकडे बघत नाही, आणि मला तिला दर वेळी सांगावं लागतं की हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून मी सांगतो. ज्या कातडीला जाणीव नाही तिला बाहेरून शेक द्यायचा नाही. गरम पाण्याची पिशवी, इलेक्ट्रिक हीटिंग पॅड, तव्यावर तापवलेली मिठाची पुरचुंडी, फडक्यात गुंडाळलेली वीट, यातलं काहीही तिथे नको. ‘थोडंच गरम आहे’ म्हणूनही नको.

थोडंच गरम असलं तरी का नको, ते समजून घ्या. साठ अंश सेल्सिअसचं पाणी पाचेक सेकंदांत खोल भाजतं, हे पटायला सोपं आहे. पण हाताला नुसती छान उबदार वाटणारी चव्वेचाळीस अंशांची वस्तूही सहा तास एकाच जागी टेकून राहिली तर कातडी जाळते. तुम्हाला ती जाळत नाही, कारण झोपेतसुद्धा तुमचा पाय आपोआप बाजूला सरकतो. आमचा सरकत नाही. ‘इथे पोळतंय’ हा निरोप मज्जारज्जूतून वर मेंदूकडे जातो, आणि आमची वाटच मध्ये तुटलेली आहे. शिवाय पायाच्या वजनानं टाच पिशवीवर दाबली गेली की तिथलं रक्त थांबतं, आणि उष्णता वाहून न्यायचं काम तर रक्ताचंच. म्हणजे दाब आणि ताप दोन्ही मिळून एकाच जागेवर उठतात.

हीच तुटलेली वाट थंडीत उलट्या बाजूनंही त्रास देते. कुडकुडणं म्हणजे स्नायूंनी स्वतःला हलवून ऊब तयार करणं. मेंदूचा तो हुकूम मार लागलेल्या जागेच्या खाली पोचत नाही, त्यामुळे वरचं अंग कुडकुडतं आणि खालचं गप्प पडून असतं. खालच्या रक्तवाहिन्या आखडून ऊब आत राखायला हव्यात, तेही नीट होत नाही. पायांचे स्नायू वाळलेले, त्यांच्याकडून येणारी ऊबही कमी. मार जितका वर, तितकं हे जास्त. डिस्चार्ज कार्डावर ‘सी’ म्हणजे मान, ‘डी’ किंवा ‘टी’ म्हणजे पाठ, ‘एल’ म्हणजे कंबर असं अक्षर आणि पुढे मणक्याचा आकडा लिहिलेला असतो. तो आकडा घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या. डी-6 किंवा त्याच्या वर मार असेल तर थंडी आणि ऊन दोन्हीशी जुळवून घेणं शरीराला फार जड जातं. अशा माणसाचं सगळं अंगच खोलीच्या तापमानाच्या मागे जातं.

मग ऊब द्यायची कशी? त्याची स्वतःची ऊब अंगातून निसटू न देता. जाड एकाच स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, कारण थरांमधली हवा ऊब धरून ठेवते. आत सुती बनियन, वर लोकरीचं किंवा फ्लीसचं काही, त्यावर शाल. कानटोपी आणि मफलर घाला, लाजू नका. धड गरम राहिलं तर हातापायांना ऊब पोचायची थोडी तरी आशा असते. धड उघडं टाकून नुसते पाय तापवत बसणं हा उलटा उद्योग आहे.

कमरेखालच्या कपड्यांत मात्र सांभाळा. एरवीपेक्षा एक नंबर सैल ट्रॅकपँट घ्या, मागच्या खिशाशिवायची. जीन्सच्या तांब्याच्या बटणांनी बसल्या जागी जखमा होतात, आणि ढुंगणाखाली आलेली स्वेटरची घडी तेच करते. मोजे लोकरीचे पण सैल. मोज्याची शिवण आतून बोटांवर घासत असेल तर मोजा उलटा घाला, दिसायला कसाही दिसो. वरचं इलास्टिक पोटरीत रुतून खूण उमटत असेल तर तो जोडा भावाला देऊन टाका.

गोधडीबद्दल माझं आणि आईचं अजून एकमत नाही. चार लुगड्यांच्या, आजीच्या हातच्या गोधडीच्या उबेला तोड नाही, हे मान्य. पण ती वजनदार असते. उताण्या झोपलेल्या माणसाच्या पायांच्या बोटांवर ती रात्रभर पडली की पंजे खाली दाबले जातात आणि टाचा गादीत रुततात. मी पायथ्याशी तक्क्या ठेवून गोधडीचा तंबू करतो. तिची शिवण आणि घडी अंगाखाली तर अजिबात नको. एअर बेडवर जाड गोधडी अंथरली तर बेडचा उपयोगच संपतो, तिथे एक सुती चादर पुरे, ऊब सगळी वरून द्या. इलेक्ट्रिक ब्लँकेटचं तर नाव काढू नका. ते भाजण्याचं एक कारण आहेच, वर आमची चादर लघवीनं कधी ओली होईल याचा नेम नसतो.

आणि थंडीतच हमखास चुकणारी गोष्ट म्हणजे रात्री कूस बदलणं. दर दोन तासांनी वळवायचं हे सगळ्यांना माहीत असतं. पण पांघरुणातून उठायचं जिवावर येतं आणि ‘गाढ झोपलाय, कशाला उठवा’ असं मन म्हणतं. माझ्या ओळखीच्या घरांमध्ये बेडसोर पौष-माघातच जास्त झालेले मी पाहिलेत. गजर लावा. पाळी लावून घ्या.

आता शेकोटी. गावात राहून शेकोटीला बसायचं नाही असं मी कुणाला सांगणार नाही, मीच ऐकणार नाही. पण व्हीलचेअरवर बसून शेकोटीकडे तोंड केलं की काय होतं ते पाहा. चेअरचे फूटरेस्ट पुढे आलेले असतात, म्हणजे विस्तवाच्या सगळ्यात जवळ पाय, आणि ज्यांना कळतं ते हात आणि तोंड दोन हात मागे. तोंडाला गोड ऊब लागते तेव्हा पाय भाजत असतात. सिंथेटिक मोजा असेल तर तो वितळून कातडीला चिकटतो. म्हणून चेअर आडवी लावा, पाय विस्तवापासून लांबच्या बाजूला, आणि चांगलं मीटर-दीड मीटर अंतर ठेवा. खोलीतल्या हीटरलाही हाच नियम. हीटर खोली तापवायला असतो, पाय तापवायला नाही.

कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं बंद खोलीत कधीच नको. यात मणक्याचा माणूस आणि धडधाकट माणूस असा भेद नाही. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, झोप येते, माणूस उठत नाही. भेद असलाच तर एवढाच, की खिडकी उघडायला आम्हाला उठताच येत नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरचंही हेच.

आंघोळ दुपारी, उन्हं वर आल्यावर. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. हा क्रम मोडू नका. रॉड लावून पाणी तापवत असाल तर वरचं कढत आणि खालचं गार राहतं. बटण बंद करा, प्लग काढा, रॉड बाहेर काढा, मग तळापासून ढवळा. पाणी कोपरानं बघा, बोटं सवयीनं निबर झालेली असतात. मानेला मार लागलेल्याच्या कोपरालाही नीट कळत नाही, तेव्हा कोपर घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी. सदतीस-अडतीस अंश पुरे. थर्मामीटर असेल तर उत्तम. कोमट वाटलं की झालं, ‘थंडी आहे, जरा कडक असू दे’ हे आमच्या कमरेखाली चालत नाही. गीझरचा नळ सुरू असताना त्याखाली पाय कधीच ठेवू नका. बऱ्याच गीझरमध्ये पाणी साठ अंशांच्या वर जातं.

चहाचंही सांगतो. हातात पेला घेऊन चेअर ढकलता येत नाही, म्हणून आम्ही सगळे तो मांडीत धरतो. स्टीलच्या पेल्यातला उकळता चहा दोन्ही मांड्यांमध्ये, आणि एक खड्डा. झाकणाचा मग घ्या किंवा मांडीवर ट्रे ठेवा. लॅपटॉप आणि चार्जिंगला लावलेला मोबाइलही मांडीवर किंवा पांघरुणात नको.

भाजलंच तर नळाचं साधं पाणी वीस मिनिटं वाहू द्या, फक्त भाजलेल्या जागेवर. बाकी अंग पांघरून ठेवा, नाहीतर भाजलेला माणूस गारठेल. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप काही लावू नका. फोड फोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण ‘दुखत नाही’ हे आमच्या बाबतीत चांगलं लक्षण नाही, ते काहीच लक्षण नाही.

डी-6 किंवा त्याच्या वर मार असेल तर आणखी एक गोष्ट जिवावरची आहे. खालच्या अंगाला कसलाही त्रास झाला, भाजलं, गारठलं, मोजा आवळला, लघवी तुंबली, की रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं घणाघणा दुखतं, चेहरा लाल होतो, मार लागलेल्या जागेच्या वर घाम सुटतो, अंगावर काटा येतो. डॉक्टर याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. अशा वेळी माणसाला आडवं करू नका. उठवून बसवा, पाय खाली सोडा, पट्टा-मोजे सैल करा, कॅथेटरची नळी कुठे पिळली आहे का ते बघा. कारण सापडलं नाही किंवा दोन-चार मिनिटांत रक्तदाब उतरला नाही तर गाडी काढा. अशा माणसाचा रोजचा वरचा रक्तदाब बहुतेकदा शंभराच्या आसपासच असतो, त्यामुळे एकशे चाळीस दिसलं तर ‘एवढं काही नाही’ असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका.

थंडीत पाणी प्यायलं जात नाही, लघवी गढूळ होते, नळी चोंदते आणि वरचा प्रकार सुरू होतो. म्हणून डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पाणी हिवाळ्यातही पूर्ण प्या, कोमट करून प्या, आल्याचं पाणी प्या. ‘थंडीवर औषध’ म्हणून दारू मात्र नको. तिनं कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर जाते.

एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजलेला आणि गरम लागला तर ‘थंडीनं आखडला’ म्हणून तेल लावून चोळायला घेऊ नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्यानं ती वर फुफ्फुसात जाऊ शकते. आधी डॉक्टर.

गारठा आत शिरलाय का हे गार पायांवरून कळत नाही, आमचे पाय बारा महिने गारच. माणूस पेंगतो आहे, शब्द जड येतायत, भलतंच बोलतोय, तर ताप बघतो तसं तापमान घ्या, पण डिजिटल थर्मामीटरनं, काचेच्या जुन्या थर्मामीटरवर एवढं खालचं दिसतच नाही. पंचाण्णव फॅरनहाइटच्या खाली असेल तर ओले कपडे काढा, धडाभोवती पांघरूण गुंडाळा, शुद्धीत असेल तर गरम काही पाजा आणि दवाखाना गाठा.

कोवळं ऊन मात्र फुकट आहे आणि भरपूर घ्या. आमच्या ओट्यावर नऊच्या सुमाराला येतं. अर्धा तास पुरतो. दहानंतर रेक्झिनची सीट आणि लोखंडी फूटरेस्ट तापतात, तेव्हा मांडीखाली हात घालून बघायचं, आणि हात घालणारा जाणता हवा.

रात्री झोपण्याआधी आई मोबाइलचा टॉर्च घेऊन येते. टाचा, घोटे, माकडहाड, मांड्यांची मागची बाजू. लालसर जागा दिसली की बोटानं दाबते, पांढरी पडून परत लाल होते का बघते. होत नसेल तर त्या कुशीवर झोपायचं नाही. माझे पाय गार लागले की तिचा हात अजून थबकतो. मग ती मोजे चढवते, पायथ्याचा तक्क्या नीट करते आणि आपली शाल माझ्या छातीवर टाकून जाते.