डेझर्ट कूलर आणि आषाढातले कपडे

गृहपाठात मदत करणे म्हणजे उत्तर सांगून मोकळे होणे, अशी आपल्याकडे समजूत पक्की बसली आहे. मूल वही घेऊन येते, आपण सांगतो, ते लिहून घेते. दुसऱ्या दिवशी वहीवर लाल बरोबरची खूण. सगळे खूश!

गोव्यात हे जरा जास्तच होते, कारण आपल्या मुलांची वाटच वेगळी आहे. सरकारी प्राथमिक शाळेत जाणारे मूल घरी कोंकणी बोलते, चौथीपर्यंत मराठीत नाहीतर कोंकणीत शिकते, आणि पाचवीत गेले की बहुतेक ठिकाणी सगळे विषय एकदम इंग्लिशमधून सुरू होतात. प्राथमिक शाळांच्या माध्यमावरून आपण 1990 साली भांडलो, 2011 साली पुन्हा भांडलो. त्या वादात मला आज शिरायचे नाही. पण पाचवीच्या त्या उडीबद्दल कोणी फारसे बोलत नाही, हे मात्र खटकते.

आमच्या वाड्यावरची चार-पाच मुले संध्याकाळी माझ्या बाल्कांवात येऊन बसतात. विज्ञान आणि इंग्लिश, अडते ते याच दोन विषयांत. एन.सी.ई.आर.टी.च्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात वर्षानुवर्षे छापला गेलेला एक प्रश्न आहे: उष्ण आणि कोरड्या दिवशी डेझर्ट कूलर जास्त थंडावा का देतो? गाईडात याचे दोन ओळींचे उत्तर असते. तापमान जास्त, आर्द्रता कमी, म्हणून बाष्पीभवनाचा वेग जास्त. मुलांना ते इंग्लिशमध्ये तोंडपाठ. पण डेझर्ट कूलर पाहिलाय कोणी? कोणीच नाही! गोव्यात तो पाहणार कुठे?

मी म्हटले, कूलर राहू दे बाजूला. आषाढात कपडे का सुकत नाहीत ते सांगा. मग मात्र सगळी एकदम बोलायला लागली. दोन दिवस दोरीवर ठेवले तरी ओलेच, वास येतो, युनिफॉर्म शेवटी पंख्याखाली घालावा लागतो. का बरे? थोडा वेळ शांतता. मग आठवीतली एक मुलगी म्हणाली, "हवेंत पयलींच उदक आसा न्हय!" झाले! हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर कपड्यातले पाणी उडून जाणार कुठे? आणि पाणी उडून जाताना आजूबाजूची उष्णता घेऊन जाते, म्हणून तर घामावर वारा लागला की गार वाटते. एवढे कळल्यावर कूलरचे चित्र काढून दाखवले. ओले गवत, त्यातून हवा ओढणारा पंखा, बस्स. लगेच दुसरा म्हणाला, "काका, मगीर तो हांगा चलचो ना." गाईडात नसलेले हे उत्तर! दमट किनारपट्टीवर कूलर फारसा का चालत नाही, हे त्याने स्वतः शोधले. मग इंग्लिशमध्ये लिहायला पाचच मिनिटे लागली.

इंग्लिशचेही तसेच. 'अ' कुठे आणि 'द' कुठे, यावर मुले रडकुंडीला येतात, कारण आपल्या भाषेत असली उपपदे नाहीत. नियम दहा सांगा, डोक्यात राहत नाहीत. त्यापेक्षा गोष्ट सांगा. एका रानात एक कोल्हा होता. तो कोल्हा एकदा गावात आला. पहिल्यांदा 'एक', ओळख झाल्यावर 'तो'. 'अ' आणि 'द' मधला मुख्य फरक हाच. बाकीचे अपवाद हळूहळू येतात.

हल्ली मोबाईलवर प्रश्नाचा फोटो काढला की सफाईदार इंग्लिशमध्ये उत्तर हजर होते. मोबाईलला मी दोष देत नाही. मराठीत समजावून सांग म्हटले तर तो तेही करतो, पण म्हणतो कोण? मुलाला वही भरायची घाई आणि शिकवणीला पोर्शन संपवायची.

मला खरे वाईट वाटते ते आयांचे. "आम्हांला इंग्लिश येत नाही, आम्ही काय शिकवणार?" असे म्हणत त्या मुलाच्या अभ्यासातून पाचवीलाच बाजूला होतात. अहो, आषाढात कपडे कुठे वाळत घालावेत हे तुमच्याइतके कोणाला कळते? हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, हे तुम्ही शंभरदा पाहिले आहे. आम्ल-आम्लारीच्या धड्यात दुसरे काय असते? पण शाळा त्यांना हे कधी सांगत नाही, आणि मूल मात्र वर्गात 'ढ' ठरते.

शाळांकडे माझे मागणे लहान आहे. प्रत्येक धड्याबरोबर एक कागद द्या, त्यावर इंग्लिश शब्द आणि शेजारी मराठी-कोंकणी. तेही नुसते 'अपवर्तन' लिहून थांबू नका, तो शब्द मुलाला इंग्लिशइतकाच परका असतो. पाण्यातली काठी वाकडी दिसते, असे लिहा. आणि उत्तर आधी आपल्या भाषेत सांगायची मुभा द्या.

आठवीचा दाबाचा धडा आला की मी आमच्या मुलांना खाजनातल्या मानशीपाशी नेणार आहे. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप बंद होते, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते. बघू, किती जणांनी ते आजवर नीट पाहिले आहे!