मांडीच्या हाडाची गोष्ट पुरे

मार्गारेट मीड यांच्या नावावर फिरणारी, जुळलेल्या मांडीच्या हाडाची ती गोष्ट आता पुरे. मोडलेली हाडं रानातल्या माकडांचीही जुळतात. त्यावरून संस्कृतीचा जन्म ठरत नाही. त्यापेक्षा उत्तर व्हिएतनाममधलं मान बाक पाहा. सुमारे ४००० वर्षांपूर्वीचा तरुण, किशोरवयात हातपाय लुळे पडले, तरी दहाएक वर्षं जगला. म्हणजे रोज कुणीतरी त्याला भरवलं, धुतलं, कुशीवर वळवलं. लॉर्ना टिली यांनी सांगाड्यावरून ही शुश्रूषा वाचली. आपण मात्र ‘करुणा’ म्हणून मोकळे! कॅथरीन डेटवायलर यांनी १९९१ मध्येच बजावलं होतं: अपंग म्हणजे निरुपयोगी, हे आपण आधीच धरून चालतो. तो गावाला ओझं होता, हे कुठल्या हाडावर लिहिलंय?