शरणपूर ते मोम्बासा : सेवेची कसोटी

नोकरीची पस्तीस-चाळीस वर्षे सरली, मुले मार्गी लागली, प्रकृती अजून साथ देते आहे. तेव्हा उरलेले आयुष्य समाजाच्या कामी लावावे, असे मनापासून म्हणणारी दांपत्ये आज अनेक कुटुंबांत दिसतात. त्यांतील काही धर्मकार्यासाठी परदेशाचीही वाट धरतात. भारतीय परंपरेतील वानप्रस्थाश्रमात पत्नीसह घराबाहेर पडण्याची कल्पना आहेच. हा संकल्प स्तुत्य आहे. परंतु परक्या भूमीवर उभे केलेले काम कशाने फळते आणि कुठे अडते, हे जाणायचे तर नाशिककरांना दूर जाण्याचे कारण नाही. शरणपूर रस्त्याच्या नावात तो इतिहास आहे.

चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील संस्थेचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नाशिकजवळ ख्रिस्ती वसाहत वसवली. तेच शरणपूर. त्या काळी ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते पकडत असे आणि सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईत उतरवली जात. त्यांतील अनेक मुले १८६० नंतर शरणपूरला आली. तेथे ती लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम, शेती शिकली. पुढे त्यांना ‘नासिक बॉइज’ असे नाव पडले. १८७३ मध्ये डॉ. लिव्हिंग्स्टन यांचा आफ्रिकेच्या अंतर्भागात मृत्यू झाला, तेव्हा हजारांहून अधिक मैल चालून त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत शरणपूरचे तरुण होते. त्यांतील जेकब वेनराइट हा त्या प्रवासाची दैनंदिनी लिहीत होता.

याच शरणपुरात वाढलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे १८६४ मध्ये आपापल्या पत्नींसह मोम्बासाजवळील रबाई येथे गेले. गुलाम म्हणून जी भूमी सुटली होती, तेथे ते सेवक म्हणून परतले. त्यांच्याआधी तेथे गेलेल्यांनी जबर किंमत मोजली होती. योहान क्राप्फ यांच्या पत्नीचा आणि नवजात कन्येचा अंत १८४४ मध्ये मोम्बासा येथे झाला. योहानेस रेबमान जवळजवळ तीन दशके त्याच परिसरात राहिले. १८६६ मध्ये पत्नी गेली, पुढे त्यांची दृष्टीही गेली. त्यांच्या धर्ममताविषयी काहीही म्हणता येईल, निष्ठेविषयी शंका घेता येणार नाही.

१८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाने करार करून गुलामांचे बाजार बंद केले. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी त्यासाठी वाटाघाटी केल्या होत्या. पुढे प्राइस यांनी मोम्बासासमोर सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रिअरटाउन ही वसाहत वसवली. नाशिकचा नमुना त्यांच्यासमोर होताच, आणि नाशिकची माणसेही तेथे कामाला होती. साठीच्या घरात पोहोचलेले प्राइस १८८८ मध्ये तिसऱ्यांदा मोम्बासाला गेले, तेव्हा मालकांकडून पळून आलेल्या गुलामांचा प्रश्न पेटला होता. रबाई येथे जोन्स यांनी त्यांना आसरा दिला होता. अखेर मालकांना मोबदला देण्यात आला आणि १ जानेवारी १८८९ रोजी चौदाशेहून अधिक लोकांच्या हाती मुक्ततेचे कागद पडले. ‘शरण’ या शब्दाचा अर्थ जोन्स यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

इतके होऊनही या कामाची एक बाजू खटकते. भाषा, माणसे आणि मुलूख जाणणारे जोन्स व सेमलर यांना धर्मोपदेशकाची पहिली दीक्षा मिळाली ती १८८५ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांच्या सेवेनंतर. पूर्ण पाद्रीपदासाठी १८९५ पर्यंत थांबावे लागले. तोवर इंग्लंडहून नवे येणारे त्यांच्यावर अधिकारी म्हणून बसत होते. फ्रिअरटाउनमध्ये दिल्या जाणाऱ्या फटक्यांच्या शिक्षांची तर ब्रिटिश अधिकाऱ्यांना चौकशी करावी लागली. गुलामीतून सोडवलेल्या माणसावर पुन्हा चाबूक उगारला गेला, याला सेवा म्हणत नाहीत. शिवाय, अनाथ मुलांना नवे नाव आणि नवा धर्म देताना त्यांची संमती कितपत घेतली गेली, हाही प्रश्न उरतोच. निराधाराच्या असहायतेला श्रद्धेचे प्रवेशद्वार करू नये. हा दंडक जितका इतरांसाठी, तितकाच आपल्यासाठीही.

म्हणून परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठ दांपत्यांनी आणि त्यांना पाठवणाऱ्या संस्थांनी एका कसोटीवर आपले काम घासून पाहावे. ज्यांच्यासाठी आपण गेलो, ते आपल्याविना उभे राहू लागले काय? स्थानिक भाषा शिकल्यावाचून ते होत नाही. घरातील मोठेपणाची सवय सोडल्यावाचूनही होत नाही. वर्ग चालवायचा तर पहिल्या वर्षीच तेथील तरुण शिक्षक हेरावा, जमाखर्च त्याच्या हाती द्यावा, चुका झाल्या तर होऊ द्याव्यात. सून घर सांभाळू लागली तरी किल्ल्या कमरेलाच ठेवणारी सासू आपल्याला परिचित आहे. संस्थेतही तिची आवृत्ती निघते.

दुसरी गोष्ट पत्नींची. जोन्स आणि सेमलर यांच्यासह गेलेल्या स्त्रियांनी परक्या किनाऱ्यावर संसार मांडले, पण इतिहास त्यांच्या पतींच्या नावानेच सांगितला जातो. आजच्या अहवालांतही ‘सपत्नीक’ या एका शब्दात तिची दहा वर्षे संपतात. तिचे काम तिच्या नावाने नोंदवले जावे.

फ्रिअरटाउनची घंटा आजही मोम्बासात उभी आहे. गुलामांच्या गलबतांची चाहूल लागली की ती वाजवली जाई, असे सांगतात. तिच्यावरून त्या भागाला केंगेलेनी हे नाव पडले, कारण घंटेला स्वाहिली भाषेत ‘केंगेले’ म्हणतात. लोकांनी आपल्या भाषेत आपले नाव रुजवले. सेवकाला याचे वाईट वाटू नये. काम खऱ्या अर्थाने तेथील लोकांचे झाल्याची ती खूण आहे.