शून्याचे वीस टक्के

कोरोनाच्या काळात कर्जदाराचे हाल झाले, यावर पुष्कळ लिहिले गेले. बँकांचे काय होणार, यावरही लिहिले गेले. परंतु या दोघांच्या मधोमध बसून कर्जाचा हिशेब चालवणारा जो छोटा सॉफ्टवेअर व्यावसायिक आहे, त्याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पतसंस्था, नागरी सहकारी बँका, लहान फायनान्स कंपन्या यांच्या कर्जखात्यांचा हिशेब आता खतावणीत राहिलेला नाही. हप्ता किती, व्याज किती, थकीत दिवस किती, हे संगणकातला प्रोग्राम ठरवतो. तो प्रोग्राम सांभाळणारे अनेकदा चार-पाच पोरांचे एक छोटे कार्यालय असते. या पोरांत आपलीही पोरे आहेत. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

आळंदी ते चाकण हा पट्टा घ्या. आळंदीचे देऊळ मार्च २०२० मध्ये भाविकांसाठी बंद झाले. राज्यातील प्रार्थनास्थळे उघडली ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी. त्या वर्षी आषाढीची वारी पायी गेली नाही, पादुका एस.टी. बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. हार-फुले आणि तुळशीच्या माळा विकणारे, खोल्या भाड्याने देणारे, मंगल कार्यालयात राबणारे, या सर्वांचे पोट गर्दीवर. गर्दी गेली, पोट गेले. तिकडे चाकणच्या कारखान्यांची चाके थांबली आणि आळंदीत भाड्याच्या खोलीत राहणारा ठेकेदारी कामगार घरी बसला. रिक्षाचा, दुचाकीचा, बचत गटाचा हप्ता मात्र थांबायला तयार नव्हता.

२७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढले. १ मार्च ते ३१ मेपर्यंतचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. २२ मे रोजी ही मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. ही मुभा बँकांना होती, तो कर्जदाराचा हक्क नव्हता, आणि व्याज चालूच राहणार होते. टीव्हीवर मात्र 'हप्ते माफ' अशी बोंब झाली.

आता त्या छोट्या कार्यालयात काय घडले असेल ते पाहा. टाळेबंदीत पोरे घरी, संगणक कार्यालयात. बँका अत्यावश्यक सेवेत असल्याने त्यांचे फोन चालू. ढकललेला हप्ता शेवटी जोडायचा की हप्त्याची रक्कम वाढवायची? सवलतीतले व्याज मुद्दलात मिळवायचे की वेगळे ठेवायचे? थकीत दिवसांची मोजणी कोणत्या तारखेला गोठवायची? सवलत मागेल त्यालाच की सरसकट? तपशील ज्या त्या संस्थेच्या संचालक मंडळावर सोपवलेले. दहा ग्राहक संस्था तर दहा धोरणे, आणि सारे एकाच प्रोग्राममध्ये बसवायचे. नव्वद दिवसांची मोजणी एका ठिकाणी चुकली तर धडधाकट कर्जदार एनपीए ठरतो आणि पुढे कोणी त्याला दारात उभे करत नाही.

एवढ्यावर भागले नाही. चक्रवाढ व्याजाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ ऑक्टोबर २०२० रोजी केंद्राने योजना काढली: दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर त्या सहा महिन्यांचे चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यांतील फरक सरकार देईल आणि ५ नोव्हेंबरपर्यंत तो खात्यात जमा करावा. तेरा दिवसांत लाखो खात्यांचा सहा महिने मागचा हिशेब पुन्हा करायचा. त्यातही पीककर्जे आणि ट्रॅक्टरची कर्जे वगळलेली. मग २३ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने निकाल दिला की सवलतीच्या काळातले व्याजावरचे व्याज कोणाकडूनच घेता येणार नाही, घेतले असेल तर पुढील हप्त्यात वळते करावे. संपूर्ण व्याजमाफी मात्र नाकारली. म्हणजे एका वर्षात चार वेळा हिशेबाची उलथापालथ, आणि बरेचसे काम आधीच ठरलेल्या वार्षिक देखभाल करारात, म्हणजे जवळपास फुकट.

या सवलतीची किंमतही मोजून पाहा. एक लाखाच्या कर्जावर बारा टक्के दर धरला तर सहा महिन्यांचे सरळ व्याज ६,००० रुपये होते. दरमहा चक्रवाढीने ते ६,१५२ रुपये होते. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन गरिबाच्या पदरात पडले ते १५२ रुपये. सहा हजार त्याला भरावेच लागले. आणि हे १५२ रुपयेसुद्धा सर्वांना नाहीत. २७ मार्चचे परिपत्रक बँका, सहकारी बँका आणि फायनान्स कंपन्यांना उद्देशून होते. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येतात, रिझर्व्ह बँकेखाली नाही. त्यामुळे परिपत्रकात त्यांचे नाव नव्हते आणि केंद्राच्या योजनेतही नव्हते. ज्याला बँक दारात उभे करत नाही तो पतसंस्थेत जातो. थकला की कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो. सवलत नेमकी त्याच्याच दारापाशी येऊन थांबली. हा योगायोग समजायचा काय?

आता त्या व्यावसायिकाला सरकारने काय दिले? मे २०२० मध्ये तीन लाख कोटींच्या हमी कर्जाची मोठी घोषणा झाली. तिच्यातली मेख अशी की २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्यावर जेवढे कर्ज बाकी असेल त्याच्या वीस टक्के नवे कर्ज मिळणार. ज्याच्या नावावर कर्जच नाही, त्याला काय? शून्याचे वीस टक्के शून्य! सॉफ्टवेअरच्या धंद्यात तारण द्यायला यंत्र नाही, गोदाम नाही. बापजाद्यांचा सातबारा नसेल तर बँकेचा साहेब खुर्चीही देत नाही. विनातारण कर्जाच्या हमीची योजना २००० सालापासून कागदावर आहे. २०१६ ची स्टँड-अप इंडिया अनुसूचित जाती-जमाती व महिलांसाठी होती, पण नव्या उद्योगासाठी, चालू उद्योग जगवण्यासाठी नव्हे. मदतीचे माप आधीच्या कर्जावर ठरवले की ज्याला आधी पत नाकारली त्याला संकटातही मदत नाकारली जाते. जातिव्यवस्थेला यासाठी वेगळा कायदा करावा लागत नाही, बँकेचा नियम पुरतो.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पुढे कधी अशी आपत्ती आली तर सवलतीच्या आदेशासोबतच हिशेबाचे उदाहरण आकड्यांसह प्रसिद्ध झाले पाहिजे, म्हणजे दहा संस्थांत दहा अर्थ लागणार नाहीत. राज्याच्या सहकार खात्याने त्याच दिवशी पतसंस्थांसाठी आदेश काढला पाहिजे. छोट्या उद्योगांच्या मदतीचे माप जुन्या कर्जावर न ठेवता उलाढालीवर ठेवले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जाचा मुख्य तपशील कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत देणे बंधनकारक केले आहे. हाच नियम पतसंस्थांना लावून कर्जाचा उतारा मराठीत मिळाला पाहिजे.

धंद्यात असलेल्या तरुणांनी एवढे तरी करावे. उद्यम नोंदणी करून घ्यावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे नोंदणीकृत छोट्या पुरवठादाराचे बिल पंचेचाळीस दिवसांत मिळाले पाहिजे. नाही मिळाले तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते, त्यासाठी सुविधा परिषद आहे. ग्राहक तुटेल या भीतीने हा हक्क वापरलाच जात नाही. एकट्याला भीती वाटते, दहा जणांनी मिळून अर्ज केला तर वाटणार नाही. आणि ज्यांची त्या काळातली बँक वा फायनान्स कंपनीची कर्जे अजून फिटलेली नाहीत, वाद न्यायालयात गेले आहेत, त्यांनी मार्च ते ऑगस्ट २०२० चा उतारा लेखी अर्जाने मागवावा. व्याजावर व्याज लावले आहे काय, ते परत वळते झाले आहे काय, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. रक्कम शंभर-दीडशेची असली तरी विचारावे.