ध्वजदिनी नुसते झेंडे नकोत

7 डिसेंबरला ध्वजदिन असतो. 1949 पासून तो पाळतात. त्या दिवशी जमलेले पैसे सैनिकांच्या घरच्यांना अन् माजी सैनिकांना मदतीला जातात. आपण छातीला कागदी झेंडा लावतो, घोषणा देतो अन् घरी पळतो. मला हे पटत नाही.

गुरुजींनी नामदेव जाधवांची गोष्ट सांगितली. 1945 साली इटलीत त्यांनी जखमी सोबत्यांना गोळीबारातून उचलून नदीपार आणलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अन् ते आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले!

मांजरसुंब्याच्या फाट्यावर सुट्टीवरचा जवान उतरला की आपण नुसती त्याची पेटी बघतो. त्याला वर्गात बोलवावं. बर्फात पाणी कसं पितात, आईची आठवण आली तर काय करतात, ते विचारावं. माजी सैनिक आजोबांना तर आधी बोलवावं. पालकांनो, ओळखीचं कुणी असलं तर गुरुजींना सांगा.