थंडीचं निमित्त

"वहिनी, थंडीनं हुतंय ओ असं. बॅटरी बदला, काम झालं!" गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडायच्या आधीच निदान केलं. आमच्या यांनीही मान डोलावली. नवी बॅटरी आली, पैसे गेले. तरी रोज सकाळी आमची पेट्रोलची गाडी सात-आठ सेकंद नुसतीच घुरघुरायची आणि मग कुठे चालू व्हायची.

एके दिवशी पहाटे सासूबाईंना धाप लागली. दवाखान्यात न्यायचं, तर गाडी चालूच होईना. शेवटी शेजाऱ्यांना उठवून त्यांच्या गाडीतून नेलं. सासूबाई बऱ्या झाल्या. पण त्या पहाटे हातात किल्ली घेऊन अंगणात उभी असताना मला माझीच लाज वाटली. सहा वर्षं मी ही गाडी चालवते आणि तिचं काय दुखतंय हे मला सांगता येऊ नये?

मैत्रिणींनो, लेकरू आजारी पडलं की आपण डॉक्टरांना कसं सगळं बारीकसारीक सांगतो? ताप कधी चढतो, कधी उतरतो, खोकला रात्री येतो की सकाळी. मग गाडीचंच का नाही? दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर मी रोजची नोंद ठेवायला लागले.

आठवड्यात बरंच काही कळलं. स्टार्टर चांगला जोरात फिरत होता, दिवेही मंद होत नव्हते. म्हणजे बॅटरीचा दोष नव्हताच. बाजारातून तासाभरानं परत निघताना गाडी एका झटक्यात चालू व्हायची. मग एका रविवारी ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुद्दाम उन्हात उभी ठेवली. संध्याकाळी थंडीचं नाव नव्हतं, तरी तीच रड!

थंडीत बॅटरीची ताकद कमी होते, इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, पेट्रोलची वाफ नीट होत नाही, हे खरं. पण कोल्हापूरची थंडी ती केवढी? जानेवारीत पहाटे पारा साधारण १४-१५ अंशांवर. तेवढ्यानं धडधाकट गाडी अडून बसत नाही.

शेवटचा प्रयोग असा केला. सकाळी किल्ली दिवे लागेपर्यंतच फिरवली, दोन-तीन सेकंद थांबले, बंद केली. असं दोनदा करून मग स्टार्टर मारला, तर गाडी लगेच चालू! वही घेऊन उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी गेज लावून दाखवलं. टाकीतल्या पंपाचा व्हॉल्व्ह खराब झाला होता, त्यामुळे गाडी उभी राहिली की नळीतला पेट्रोलचा दाब उतरत होता. "ताई, असं सांगणारं गिऱ्हाईक मिळालं तर आमचं निम्मं काम हुतंय," मिस्त्री म्हणाले.

माझं म्हणणं एवढंच, की स्टीअरिंग हातात आलं म्हणजे गाडी आपली झाली असं नव्हे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेन्झ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्यानं बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून शंभरेक किलोमीटरवरच्या फोर्झहाइमला गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. आपल्याला नळी साफ करता आली नाही तरी चालेल, पण कान तर आपल्याला आहेत ना?

स्टार्टर रडत-रडत फिरतोय, दिवे मंद होताहेत? तर आधी बॅटरी आणि तिच्या टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी बघायला सांगा. जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही? तर पेट्रोल किंवा स्पार्क प्लग तपासायला सांगा. डिझेल गाडी असेल, तर वेटोळ्याच्या खुणेचा दिवा विझेपर्यंत थांबूनच स्टार्टर मारा. तरीही त्रास झाला, तर ग्लो प्लग बघायला सांगा.

आपले गुडघे दुखले की घरचे म्हणतात, "वयानं होतंच." गाडी अडली की म्हणतात, "थंडीनं होतंच." दोन्ही वेळा आपण मान डोलावतो. यापुढे मी तरी आधी वही काढणार.