चिप आली, पण कानापर्यंत पोहोचेल का?

गुजरातमधील धोलेरा येथे टाटा समूह तैवानच्या पॉवरचिप कंपनीबरोबर चिपचा कारखाना उभारत आहे. ९१ हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्राने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी मंजुरी दिली. तेव्हापासून चर्चा होते ती मोबाइल आणि मोटारींच्या चिपची. जालन्यात मस्तगड भागातल्या एखाद्या आजोबांच्या कानामागे बसणारी चिप त्या चर्चेत नसते.

श्रवणयंत्रातला मायक्रोफोन आवाज टिपतो. त्या आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते आणि रुग्णाला ज्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात, नेमके तेच प्रोसेसर वाढवतो. पण कानाला आकडे कळत नाहीत. त्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या भागाला डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर, म्हणजे डीएसी म्हणतात. कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये हाच भाग श्रवणाच्या नसेला किती विद्युतप्रवाह द्यायचा, हे ठरवतो.

या साऱ्या साखळीला दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली वेगाची: सगळे काम काही मिलिसेकंदांत उरकले नाही, तर स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटतो. दुसरी विजेची: बटणाएवढ्या सेलमधून मिळतात जेमतेम १.४ व्होल्ट. चिपने वीज जास्त खाल्ली, तर सेल लवकर संपतो. शासकीय रुग्णालयात आम्ही नेहमी पाहतो, यंत्र मोफत मिळते, पण सेलचा खर्च परवडेनासा झाला की ते डब्यात जाते.

जालन्याला हा प्रश्न जवळचा आहे, कारण हे पोलादाचे शहर आहे. आपल्याकडे आठ तासांच्या पाळीसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे आणि गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा शासनाला कळवावा लागणारा आजार आहे. त्यात आधी उंच पट्टीचे आवाज जातात. रुग्ण म्हणतो, ‘आवाज येतो, शब्द कळत नाही.’ सगळेच आवाज सरसकट वाढवणारे स्वस्त यंत्र त्याच्या फारसे उपयोगाचे नसते.

अशा चिपसाठी जगातले सर्वात प्रगत तंत्रज्ञान लागत नाही. धोलेऱ्यात २८ ते ११० नॅनोमीटरच्या चिप बनवण्याचे नियोजन आहे. मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटरवर काम होते. खरी अडचण मागणीची आहे. मोबाइल कंपन्या कोट्यवधी चिप मागवतात, वैद्यकीय उपकरणांची मागणी त्यापुढे किरकोळ ठरते. २०२१ च्या जागतिक तुटवड्यात उपकरण उत्पादकांनाही चिपसाठी ताटकळावे लागले होते.

येथे सरकारच मोठे गिऱ्हाईक आहे. दिव्यांगांसाठीच्या ‘एडिप’ योजनेतून श्रवणयंत्रे आणि मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट दिले जातात. या खरेदीच्या निविदेत सेल किती दिवस टिकतो ही अट घालावी आणि देशी चिपला काही वर्षांच्या खरेदीची हमी द्यावी. चिपच्या आरेखनासाठी अनुदान योजना आहेच. हमी मिळाली तर आरेखन करणाऱ्यांना बाजारही मिळेल.

तोवर गिरणी कामगारांनी कानात प्लग घालावेत आणि कारखान्यांनी त्यांची वर्षातून एकदा श्रवणचाचणी करावी. गोंगाटाने गेलेली श्रवणशक्ती परत आणणारे औषध अजून आमच्याकडे नाही.